दुसरा ब्रेक

गावच्या लग्नांना मला अजून आमंत्रण येतं, पण मी मांडवात पाऊल टाकलं की पुरुषमंडळी आपापल्या गाड्यांच्या चाव्या खिशात घालतात. कुणीतरी ओरडतो, "आत्या आली रे, चाव्या लपवा!" आणि सगळा मांडव हसतो. मी हसत नाही. त्यांना वाटतं मला गंमत कळत नाही. मला ती चांगली कळते, आणि म्हणूनच माझं डोकं फिरतं.

मी पनवेलमध्ये गाडी शिकवण्याचा क्लास चालवते. भावाचं घर नेऱ्याच्या पुढे, डोंगराखालच्या आमच्या गावात. लग्न केलं नाही, करायचं नव्हतं, आणि त्याबद्दल गावाला जेवढं बोलायचं होतं तेवढं ते बोलून झालंय. माझ्याकडे एक छोटी पांढरी गाडी आहे. पुढे-मागे लाल रंगात 'एल' लिहिलेला बोर्ड, आणि शिकवणारा बसतो त्या डाव्या बाजूला पायाशी आणखी एक ब्रेक. तो दोन्हीकडून जोडलेला असतो. मी माझा दाबला की शिकणाऱ्याच्या पायाखालचा ब्रेकही आपोआप खाली जातो. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याला फक्त गाडी थांबलेली दिसते.

या दुसऱ्या ब्रेकनं माझं आयुष्य नासवलंय म्हटलं तरी चालेल. दुसऱ्या कुणाच्याही गाडीत बसले की माझा पाय तिथे तो शोधत राहतो आणि सापडत नाही. शिवाय ब्रेक दाबताना माझा डावा हात खिडकीच्या वरच्या दांडीला जातो, नकळत. माझ्या भावाची मुलगी माझ्याकडे शिकायला होती, तिनं हे पहिल्याच आठवड्यात पकडलं. "आत्या, तुझा हात वर गेला की मना कळतं, मी नापास," असं म्हणून ती मला छळायची. पोरगी हुशार होती आणि हात हलका होता तिचा. आमच्या घरात गाडी चालवण्याची अक्कल असलेली ती एकटीच, असं मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते.

लोकांना वाटतं गाडी हातांनी चालवतात. गाडी चालते ती दिसणं आणि पाय हलणं यांच्यामधल्या वेळेवर. तो वेळ मला माणसाच्या चेहऱ्यावर दिसतो, जसा शिंप्याला माणूस बघून छातीचा घेर कळतो. एकदा खारघरची एक बाई, मोठ्या कंपनीत नोकरी करणारी, सर्दीची गोळी खाऊन क्लासला आली. दारूच्या थेंबाला न शिवणारी बाई. समोरून रिक्षा वळली, बाईंना ती दिसली, त्या "रिक्षा" असं म्हणाल्यासुद्धा, आणि पाय तिथेच. ब्रेक मी दाबला. गोळीच्या पाकिटावर लिहिलेलं असतं की ही घेऊन गाडी चालवू नका, पण ते अक्षर मुंगीएवढं असतं आणि आपण मुंग्या वाचत नाही. मी बाईंना त्या दिवशी रिक्षानंच घरी पाठवलं. त्या रागावल्या. रागावू देत.

आता आमच्याकडची पद्धत सांगते. हळदीच्या दिवशी घरच्या जावयाला मान असतो. त्याला टॉवेल, टोपी आणि बाटली देतात. बाटली ताटात ठेवून, वर हळदकुंकू लावून देतात, म्हणजे ती बाटली राहत नाही, प्रसाद होते, आणि प्रसादाला नाही म्हणता येत नाही. मग दुसऱ्या दिवशी सकाळी नवरीला मांडवातून हॉलवर न्यायचा मानही त्याचाच. रात्री हातात बाटली, सकाळी त्याच हातात चावी. एवढी साधी गोष्ट आमच्या शहाण्या माणसांना कधी खटकली नाही. पूर्वी बैलगाडी होती तेव्हा ठीक होतं, निदान बैल शुद्धीत असायचे.

लॉकडाऊननंतर लग्नांचा पूर आला होता, त्यातलंच माझ्या या भाचीचं लग्न. हळद लावून मी लवकर पनवेलला परतले होते. मला तो डीजेचा दणदणाट आणि ग्लास घेऊन नाचणारे काका-मामा बघवत नाहीत. सकाळी क्लासचीच गाडी घेऊन गेले, माझ्याकडे दुसरी आहे कुठे? भावानं दारातच सांगितलं, "ताई, ती एलवाली गाडी मागं लाव, फोटोत येल." मी मागे लावली. लग्नघर होतं, म्हणून गप्प बसले.

पुढच्या अंगणात फुलांनी सजवलेली मोठी गाडी उभी होती, आणि तिच्या शेजारी फेटा बांधलेला आमचा जावई. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. तोंडावर मी त्याला भावजी म्हणते, अहोजाहो करते. मनात करत नाही. तळोज्याला एका केमिकल कंपनीत आहे, बारा महिने नाक गळत असतं. मी हात जोडले तेव्हा त्याचे हात वर यायला जरा उशीर झाला. जरासाच. पण तेवढ्या उशिरात रस्त्यावर म्हैस येते, डंपर येतो, शाळेचं पोर येतं.

"रात्रीची उतरली का, भावजी?" मी सरळ विचारलं.

"कवाच!" तो म्हणाला. तोंडाला लवंगेचा वास होता, आणि लवंगेच्या खाली दुसरा. "पहाटे झोपलो मस्त. उठून जरासा उतारा घेतला, थंड पाण्यानं आंघोल केली. ही सर्दी हाय ना कंपनीची, तिची पण गोळी टाकली. आता एकदम फ्रेश हाय, ताई."

रात्रीची दारू अंगात तशीच, तिच्यावर सकाळची, आणि दोघींवर झोप आणणारी गोळी. आणि हे सगळं तो औषधपाणी केल्यासारखं सांगत होता, मी शाबासकी देईन अशा अपेक्षेनं. आंघोळीनं दारू उतरत नाही. लिंबानं उतरत नाही, ताकानं उतरत नाही, फेट्यानं तर नाहीच. ती तिच्या वेळेनं उतरते आणि तिला मुहूर्त कळत नाही.

मी भावाला बाजूला घेतलं. म्हटलं, पोरगी या माणसाच्या गाडीत बसणार नाही. तो म्हणाला, "ताई, तू नको सुरू करू आता. नवरीची गाडी जावई चालवतो. आपल्या घरात चालत आलंय."

"आपल्या घरात दारू पण चालत आलीय. पायानं नाही येत ती, तुम्ही ताटात घालून आणता."

मी हळू बोलायला शिकलेच नाही. आजूबाजूचे गोळा झाले. बहीण धावत आली. पैठणी नेसली होती, छान दिसत होती, आणि तिचे डोळे असे की मला जाळून टाकतील. "माझ्या नवऱ्याचा मान तुझ्या डोळ्यांत खुपतोय," ती म्हणाली. "तुला कधी मिरवायचा नव्हता, म्हणून आमी पण मिरवायचा नाय का?" ते मला लागलं. आजही लागलेलं आहे. मी मात्र एवढंच म्हणाले की मिरवायचं असेल तर पायी मिरवा.

ओट्यावर बसलेल्या चुलत्यांनी आपली नेहमीची म्हण काढली, "अगं, देव तारी त्याला कोण मारी."

"मग देवाच्या बाजूला पण एक ब्रेक बसवून घ्या," मी म्हटलं. कुणी हसलं नाही. भाची तेव्हा दारात आली. नऊवारी नेसलेली, मुंडावळ्या बांधलेली, हातात हिरवा चुडा. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि त्या बघण्यात 'आज तरी गप्प बस' असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

मग भाऊच चिडून म्हणाला, "एवढी मोठी मास्तरीण हायस, तर घे ना त्याची परीक्षा. तुझ्याच गाडीत. पास झाला तर तोंड बंद ठेवायचा."

लोकांना करमणूक हवीच होती. टाळ्या पडल्या. जावई फेटा सावरत पुढे आला, "चला ताई, होऊन जाऊ दे." मी नाही म्हणायला हवं होतं, असं बहीण आजही म्हणते. पण माझ्या गाडीत माझा ब्रेक होता. घराच्या मागे कापणी झालेलं सपाट शेत, त्यावर कुणी नाही. सगळ्यांना मागच्या ओट्यावर चढवलं, पोरांना घरात कोंडलं. शेताच्या दुसऱ्या टोकाला, बांधाच्या अलीकडे, मांडवातली एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली. नियम तोच, जो माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला असतो: मी समोरच्या डॅशबोर्डवर थाप मारली की ब्रेक. विचार करायचा नाही, विचारायचं नाही, ब्रेक.

तो बसला. गाडी सुरेख सुरू केली, गिअर सुरेख बदलला. सवयीची कामं दारूतही होतात, म्हणून तर हे लोक फसतात आणि फसवतात. खुर्ची जवळ आली. माझा नवशिका विद्यार्थीसुद्धा आरामात थांबेल एवढं अंतर ठेवून मी थाप मारली.

तो समोर बघून हसत होता. थापेनंतरही हसत होता. मग थाप कुठूनतरी लांबून त्याच्यापर्यंत पोचली, हसू पुसलं गेलं, आणि पाय उचलला गेला. खुर्चीच्या पाठीवरचा मांडववाल्याचा शिक्का मला वाचता येऊ लागला होता. आणखी वाट बघितली तर खुर्ची आणि बांध, असं वाटलं त्या क्षणी मी पाय दाबला. गाडी धक्का खाऊन बंद पडली. खुर्ची हललीसुद्धा नाही.

त्याचा पाय ब्रेकवर पोचला तेव्हा ब्रेक आधीच खाली गेलेला होता. त्यानं खाली पायाकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्या एका क्षणात त्याच्या चेहऱ्यावरची सगळी उतरली, रात्रीची आणि सकाळची. त्याला कळलं होतं. हे मी कुठल्याही देवापुढे सांगेन, त्याला कळलं होतं.

मी हळू आवाजात म्हटलं, "भावजी, मी कुणाला काही सांगणार नाही. पाठ धरली म्हणा. नवरीच्या गाडीची चावी द्या." आयुष्यात फार कमी वेळा मी एवढ्या मऊपणानं बोलले असेन.

ओट्यावर शिट्ट्या वाजत होत्या. तिथून दिसत होतं ते एवढंच, की गाडी आली आणि खुर्चीला न शिवता उभी राहिली. त्यानं तिकडे बघितलं, दार उघडलं, आणि दोन्ही हात वर करून उतरला. "बघा! इंचावर थांबवली!"

मग मीही उतरले. मऊपणा संपला होता. "ब्रेक यांनी दाबला नाही. मी दाबला," मी ओरडून सांगितलं.

चोर तो चोर, वर शिरजोर. "ताई, खोटं बोलू नका आता," तो म्हणाला, तेही कसं, तर दुखावल्यासारखा. बहीण म्हणाली, हरलीस तर हर ना. भाऊ म्हणाला, ताई, शब्द दिला होतास तू. कुणीतरी मागून म्हणालं की बाईमाणसाला हरणं जमत नाही. तिथे उभ्या असलेल्या एकाही माणसाला माझ्यावर विश्वास ठेवायची गरज वाटली नाही, कारण माझ्यावर विश्वास ठेवला असता तर पुढचं सगळं अवघड झालं असतं. गाडी कोण चालवणार, जावई रुसला तर काय, व्याही काय म्हणतील. खोटं सोयीचं होतं आणि फुलांनी सजवून दारात उभं होतं.

मी इतकी चिडले होते की आमच्या आईनं भांडणात वापरायचं तेच हत्यार मी काढलं. "मग घ्या शपथ," मी त्याला म्हटलं. "पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगा, ब्रेक तुम्ही दाबला."

आमच्याकडे डोक्यावर हात ठेवून घेतलेली खोटी शपथ ज्याच्या डोक्यावर हात त्यालाच बाधते, असं लहान पोरसुद्धा मानतं. मला वाटलं, आता तो थांबेल. एवढा तर माणूस असेल. तो भाचीकडे गेला. ती मागच्या दारात उभी होती. तो चाचरला, मागे वळून बायकोकडे बघितलं, आणि बायकोनं मान हलवली. घे शपथ. माझ्या सख्ख्या बहिणीनं.

त्यानं हात उचलला. मुंडावळ्यांपाशी येऊन पोचला तो हात. आणि भाचीनं डोकं मागे घेतलं.

"नको काका," ती म्हणाली. "आत्याचा हात वर गेलेला, दांडीला. मी बगितला."

बाकी कुणाला काही उमगलं नाही. दांडी कसली, हात कसला, विचारू लागले. त्याचा हात तसाच हवेत राहिला होता. भाचीनं नऊवारीचा काष्टा सावरला, ओट्यावरून उतरली, शेतात माझ्या गाडीपर्यंत चालत गेली आणि बसली. मागे नाही, पुढे. डाव्या बाजूला, माझ्या जागेवर. बाहेर बहीण रडायला लागली, भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाला, "झाला समाधान?" मी गाडीत बसले.

सजवलेली गाडी शेवटी मांडववाल्याच्या माणसानं रिकामी हॉलवर आणली. जावई मागून टेम्पोत आला, आणि त्या दिवसापासून तो प्रत्येक हळदीला ही गोष्ट सांगतो, की बाईनं परीक्षा घेतली आणि मी इंचावर गाडी थांबवली. लोक अजून टाळ्या वाजवतात. बहीण माझ्याशी बोलत नाही. काही झालंच नाही ना, म्हणून मी खोटी. झालं असतं तर मी खरी ठरले असते, आणि तसं खरं ठरण्याची मला कधीच हौस नव्हती. पण त्याला कुणी एकदा तरी विचारा, तुझा पाय कुठे होता?

त्या सकाळी नेऱ्याहून पनवेलच्या हॉलकडे येताना भाची समोर रस्त्याकडे बघत होती. काजळ ओघळत होतं, तिनं पुसलं नाही. मग म्हणाली, "मी तुझ्यासाठी नाय बसले हां. सगल्या फोटोत आता तो एल येणार. तू आज तरी हे करायला नको होतास."

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"काल झोपलीस का तू?"

"झोपले."

"गोळी-बिळी काय?"

"नाही गं."

तिनं चप्पल काढून ठेवली होती. मेंदी लावलेला, पैंजण घातलेला तिचा पाय दुसऱ्या ब्रेकवर होता. मी म्हटलं, पाय काढ तिथून, मी चालवतेय. तिनं काढला नाही.

पुढे वळणावर खडीचा डंपर हॉर्न न देता आडवा बाहेर आला. मी पाय नेला, तर ब्रेक आधीच खाली गेलेला होता. गाडी धक्का खाऊन बंद पडली. डंपरवाला शिवी देऊन निघून गेला. मी डावीकडे बघितलं. हिरवा चुडा भरलेला तिचा हात खिडकीच्या वरच्या दांडीला घट्ट होता.

"हात वर गेला तुझा," मी म्हटलं.

"मंग तू नापास," ती म्हणाली, आणि हसली नाही.

मी गाडी पुन्हा सुरू केली.